नाव कमी केलेल्या पोरांची गोष्ट

 

दहावीचा निकाल लागला की पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेनं शंभर टक्के निकालाचे फ्लेक्स लागतात. पोरांनी मेहनत केलेली असते, मास्तरांनी जादा तास घेतलेले असतात. कौतुक व्हायलाच पाहिजे. पण त्या फ्लेक्सवर न छापलेली एक यादी असते. नववीत असताना ज्याच्या बापाला बोलावून सांगितलं, "हा काही निघायचा नाही, दाखला घेऊन जा आणि सतरा नंबर फॉर्म भरा", त्या पोरांची यादी. सतरा नंबर फॉर्म म्हणजे बाहेरून दहावीला बसण्याचा अर्ज. ज्यांची शाळा कधीकाळी सुटली त्यांना पुन्हा परीक्षा देता यावी म्हणून बोर्डानं ठेवलेली ती सोय. चांगली सोय आहे. फक्त आत यायच्या या दाराचा उपयोग आता पोरं बाहेर काढायला होऊ लागलाय.

हे कुठल्या एका शाळेबद्दल नाही. आपल्या पेठमध्ये, मंचरला, घोडेगावला, जुन्नर-नारायणगावकडं, कुठंही चार पालक एकत्र बसले की हा विषय निघतो. आणि काढून टाकणं म्हणजे दर वेळी दाखलाच हातात देणं असंही नाही. "बापाला घेऊन ये, तोवर वर्गात बसू नको." एवढं एक वाक्य पुरतं. आपल्या सातगाव पठारावर बटाटा काढणीच्या दिवसांत हे वाक्य ऐकलेलं पोरगं दुसऱ्या दिवशी शाळेत जात नाही, कारण बाप रानात. तिसऱ्या दिवशी पोरगंही रानात. आठ दिवसांनी त्याला कुणी विचारत नाही, आणि त्यालाही कुणी विचारावं असं वाटत नाही. कागदावर काहीच घडलेलं नसतं.

याला इतिहास आहे, आणि तो आपण नेहमी सांगतो त्यापेक्षा वेगळा आहे. आपण शाळेतून काढलेल्या थोर माणसांच्या गोष्टी सांगतो आणि टाळ्या वाजवतो. त्या माणसांना काढल्यावर पुढं कुठलं दार उघडलं, कुणी उघडलं, हे मात्र सांगत नाही. आज मला त्या दारांबद्दल लिहायचंय.

सुरुवात पुण्यातून करू. ऑक्टोबर १९०५. बंगालच्या फाळणीविरुद्ध पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि त्यात फर्ग्युसन कॉलेजचे विद्यार्थी पुढं होते. त्यातल्या विनायक सावरकरांना दहा रुपये दंड झाला आणि वसतिगृहातून काढण्यात आलं. प्राचार्य होते रँग्लर परांजपे. केंब्रिजला गणितात पहिला आलेला, स्वतः सुधारक असलेला माणूस. टिळकांनी 'केसरी'तून कॉलेजवर कडक टीका केली. आपण ही गोष्ट ऐकताना एकाला नायक करतो आणि दुसऱ्याला खलनायक. पण परांजप्यांच्या खुर्चीतून बघा. कॉलेज सरकारी अनुदानावर, सरकारची नजर कॉलेजवर, आणि पोरं रस्त्यावर. शिक्षकाच्या गळ्यात अडकवलेली ही दोरी पुढं दोन वर्षांत अधिकृतच झाली.

मे १९०७ मध्ये हिंदुस्थान सरकारचे गृहसचिव रिस्ले यांचं परिपत्रक निघालं. त्याआधी बंगालमध्ये कार्लाइल यांचं तसंच परिपत्रक निघून दीड वर्ष झालं होतं. आता नियम सगळ्या देशाला. विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जायचं नाही, चळवळीत पडायचं नाही. पडले तर? नीट बघा, धमकी पोराला कमी आणि शाळेला जास्त होती. शाळेचं अनुदान थांबेल, शिष्यवृत्त्या जातील, मान्यता जाईल. शिक्षक सामील दिसला तर त्याच्यावरही कारवाई. अनुदान थांबलं की मास्तरांचा पगार थांबणार, हे काही वेगळं सांगावं लागत नव्हतं. म्हणजे पोरावर नजर ठेवायचं काम पोलिसाकडून काढून हेडमास्तरकडं दिलं. कालपर्यंत जो मास्तर पोराची बाजू घेऊन बापाशी बोलायचा, त्याला आता पोराचं नाव वर कळवायचं होतं.

याच सुमाराला नागपूरच्या नील सिटी हायस्कूलमध्ये काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत असेल. तपासणीला साहेब आले आणि वर्गावर्गातून 'वंदे मातरम्'च्या घोषणेनं त्यांचं स्वागत झालं. कुणी सुरुवात केली ते कुणी सांगेना. शाळा काही काळ बंद पडली, मग पालक मध्ये पडले, आणि बहुतेक पोरं माफी मागून परत आली. केशव हेडगेवार नावाच्या मुलानं माफी मागितली नाही आणि त्याचं नाव कमी झालं. पुढं संघ स्थापन करणारे डॉक्टर हेडगेवार ते हेच. तुम्ही त्यांच्या विचाराचे असा किंवा विरोधातले, इथं मुद्दा वेगळा आहे. काढल्यावर तो मुलगा कुठं गेला? यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत. तीही सरकारी दडपणानं बंद पडली, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय शाळेत. तिथून परीक्षा देऊन कलकत्त्याला, डॉक्टर व्हायला. एक दार बंद झालं तर दुसरं, ते बंद झालं तर तिसरं. ही दारं आपोआप उगवली नव्हती. सरकारी शाळेतून फेकलेल्या पोरांना कुठंतरी बसायला जागा पाहिजे म्हणून लोकांनी वर्गण्या काढून ती उभी केली होती.

आणि जी पोरं माफी मागून परत गेली त्यांचं काय? त्यांच्यावर कुणी चरित्र लिहिलं नाही. त्यांना भित्रं म्हणणं आपल्याला सोपं आहे. माझा अंदाज आहे की त्यातल्या बऱ्याच घरांत परत पाठवायचा निर्णय आईबापानं घेतला असणार, कारण दुसऱ्या गावच्या शाळेत पोर ठेवण्याएवढे पैसे सगळ्यांकडं नसतात.

असंच एक दार आपल्या जिल्ह्यातही होतं, ते तळेगाव दाभाड्याला. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक विष्णू गोविंद विजापूरकर. 'ग्रंथमाला' आणि 'विश्ववृत्त' या मासिकांचे संपादक. त्यांनी समर्थ विद्यालय काढलं. स्वभाषेतून शिक्षण आणि हाताला काहीतरी धंदा, अशी कल्पना. ते विद्यालय कोल्हापूरकडून हलत हलत तळेगावला आलं. पैसा फंडाचा काचकारखानाही त्याच तळेगावचा. घराघरातून पैसा-पैसा जमवून उभा केलेला. आज तळेगाव म्हटलं की एमआयडीसी आठवते, पण शंभर वर्षांपूर्वी तिथं लोकांच्या पैशातून शाळाही चालत होती आणि कारखानाही.

१९०८ मध्ये 'विश्ववृत्त'मधल्या एका लेखावरून विजापूरकरांना राजद्रोहाच्या खटल्यात तुरुंगवास झाला. १९१० मध्ये सरकारनं विद्यालयच बंद पाडलं. हा शाळेतून काढण्याचा सगळ्यात मोठा प्रकार. एका पोराचं नाव कमी करत बसण्यापेक्षा पटच फाडून टाकायचा. मास्तर रिकामे, पोरं रस्त्यावर. विजापूरकर सुटून आल्यावर गप्प बसले नाहीत, काही वर्षांनी तळेगावलाच पुन्हा शाळा उभी राहिली. नवीन समर्थ विद्यालय या नावाची शाळा तिथं आजही आहे. त्या नावातल्या 'नवीन' शब्दाचा अर्थ तिथल्या किती पोरांना माहीत असेल कोण जाणे.

आता कोल्हापूरला जाऊ. ही गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण इथं काढणारा परका नव्हता आणि कारण राजकीयही नव्हतं. साल १९०८ च्या आसपास. कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. जैन बोर्डिंगमध्ये राहणारा भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी त्या समारंभाला गेला. परत आल्यावर अंघोळ कर, मग जेवायला बस, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं ऐकलं नाही. बोर्डिंगचे प्रमुख होते अण्णासाहेब लठ्ठे. शिकलेले, नावाजलेले, पुढं मुंबई इलाख्याचे अर्थमंत्री झालेले. त्यांनी भाऊरावांना बोर्डिंगमधून काढलं. शिकणारं पोरगं, परगाव, आणि रातोरात निवारा नाही. शाहू महाराजांनी त्याला आपल्या राजवाड्यात राहायला जागा दिली.

भाऊरावांचं शिक्षण पुढं मॅट्रिकपर्यंतही गेलं नाही. म्हणजे राजवाड्याचं दार उघडलं तरी शिक्षणाची गाडी काही रुळावर आली नाही. पण बोर्डिंगमधून काढलेल्या त्या पोरानं १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं बोर्डिंग. एका पंगतीत जेवणारं. १९२७ मध्ये गांधीजी ते बघायला आले. मंचरचं अण्णासाहेब आवटे महाविद्यालय त्याच रयतचं. आपल्यातले किती जण तिथं शिकले!

या गोष्टीचा एक भाग कमी सांगितला जातो. १९१४ मध्ये कोल्हापुरात राजघराण्याच्या पुतळ्यांना डांबर फासल्याचं प्रकरण झालं. त्यात लठ्ठ्यांना गुंतवायचं होतं, आणि लठ्ठ्यांविरुद्ध साक्ष दे म्हणून भाऊरावांवर दबाव आला. ज्यानं तुला बोर्डिंगमधून काढलं त्याच्यावर सूड घ्यायची आयती संधी. भाऊरावांनी खोटी साक्ष द्यायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगात हाल सोसले. पोराला काढताना आपण म्हणतो ना, "हे पोर वाया गेलेलं आहे"? कुठलं पोर वाया गेलंय हे ठरवायचा अधिकार त्या दिवशी बोर्डिंगच्या प्रमुखाकडं होता. सहा वर्षांनी तो प्रमुख ज्या पोराच्या शब्दावर वाचू शकत होता, ते हेच पोर होतं.

आपल्या शेजारच्या खेडचे हुतात्मा राजगुरू आठवा. त्यांना शाळेनं काढलं नव्हतं. इंग्रजीत नापास झाल्यावरून थोरल्या भावाशी खटका उडाला आणि घर सोडून नाशिक, मग काशी, असं चरित्रकार सांगतात. काशीला संस्कृत पाठशाळेचं दार होतं. एका नापासावरून चौदा-पंधरा वर्षांचं पोरगं घर सोडतं हे तेव्हाही होत होतं आणि आजही निकालानंतरच्या आठवड्यात होतं. आजच्या पोराला मात्र काशी माहीत नाही. त्याला चाकणचा लेबर कॉन्ट्रॅक्टर माहीत आहे.

दार उघडण्याचं सगळ्यात मोठं उदाहरण १९३८ चं. निजामाच्या राज्यात औरंगाबादच्या कॉलेजात आणि हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत मुलांनी 'वंदे मातरम्' म्हणायचं ठरवलं. बंदी आली, मुलं हटली नाहीत, आणि शेकडो मुलांना काढून टाकलं. निजामाच्या मुलखात त्यांना कुठंच प्रवेश मिळण्यासारखा नव्हता. तेव्हा नागपूर विद्यापीठानं, कुलगुरू केदार यांच्या काळात, या मुलांना प्रवेश दिला. एका विद्यापीठानं काढलेली मुलं दुसऱ्या विद्यापीठानं जाहीरपणे घेतली. त्यात पामुलपर्ती व्यंकट नरसिंह राव नावाचा एक विद्यार्थी होता. पुढं ते पुण्यात फर्ग्युसनलाही शिकले. ज्या कॉलेजनं १९०५ मध्ये एकाला वसतिगृहातून काढलं, त्यानंच दुसऱ्या ठिकाणाहून काढलेल्याला जागा दिली. आणि १९९१ मध्ये तो विद्यार्थी देशाचा पंतप्रधान झाला. नागपूरनं तेव्हा "आधीच्या संस्थेचा दाखला आणा, वर्तणूक चांगली असं लिहून आणा" म्हटलं असतं तर?

इथपर्यंतचा इतिहास परक्या सरकारचा, संस्थानांचा आणि जातीपातीचा. स्वातंत्र्यानंतर काय बदललं? मास्तरांसाठी बरंच बदललं. खासगी शाळांतल्या शिक्षकाला संस्थाचालक एकेकाळी मनात येईल तेव्हा घरी बसवायचे. त्यावर १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आला आणि १९८१ ची नियमावली. आता शिक्षकाला निलंबित करायचं तर लेखी आदेश लागतो. निलंबनाच्या काळात सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराएवढा निर्वाह भत्ता मिळतो. आरोपपत्र द्यावं लागतं, उत्तराला संधी द्यावी लागते, चौकशी समितीत त्याच्या बाजूचा माणूस बसतो, आणि निर्णय पटला नाही तर शाळा न्यायाधिकरणात दाद मागता येते. झेडपीच्या शिक्षकाला १९६४ चे शिस्त व अपील नियम आहेत. हे सगळं असूनही निलंबित मास्तराचे हाल आपण बघतो. गावात तोंड दाखवायची चोरी, चौकशी लांबलेली, घराचा हप्ता थकलेला. निर्दोष सुटला तरी माणूस आधीचा राहत नाही.

आता तोच मास्तर वर्गातल्या पोराला "उद्यापासून येऊ नको" म्हणतो तेव्हा पोराकडं यातलं काय असतं? लेखी आदेश नाही. किती दिवस, ते नाही. बाजू मांडायला कुणी नाही. अपील नाही. चाळिशीच्या माणसाला कायद्यानं जेवढं संरक्षण दिलंय त्याच्या दहावा हिस्साही चौदा वर्षांच्या पोराला प्रत्यक्षात मिळत नाही.

कायदा नाही असं नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १६ प्रमाणं प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि पाचवी-आठवीला नापास करायची मुभा राज्यांना मिळाली. त्याची चर्चा खूप झाली. पण काढून टाकण्यावरची बंदी तशीच आहे, याची चर्चा कुणी केली नाही. कलम १७ प्रमाणं मारणं आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई. कलम ५ प्रमाणं दाखला यायला उशीर झाला म्हणून दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. हे सगळं सहा ते चौदा वयासाठी. आणि गंमत बघा, नाव कमी करण्याचा खरा जोर नववीतच दिसतो. जिथं कायद्याचं छत्र संपतं, बरोबर तिथंच पाऊस पडतो.

शिक्षकांची बाजू मी मुद्दाम मांडतोय, कारण या विषयावर लिहिणारे बहुतेक जण मास्तरालाच झोडपून मोकळे होतात. माझे शिक्षक मित्र म्हणतात, छडी काढली, बरं झालं. नापास करणं काढलं, ठीक. काढून टाकणं बंद केलं, तेही मान्य. मग पन्नास-साठ पोरांच्या वर्गात एक जण रोज दुसऱ्याला मारतो, मुलींचे मोबाईलवर फोटो काढतो, त्याचं करायचं काय? समुपदेशक नाही. शिपाई नाही. बीएलओचं काम आहे, ऑनलाइन माहिती भरायची आहे, आणि वरून निकालाचा आकडा विचारतात. रिस्ले साहेबानं अनुदानाची भीती घातली होती, आज निकालाची आणि पटाची भीती आहे. पट घसरला की शिक्षक अतिरिक्त ठरणार, निकाल घसरला की संस्थेच्या बैठकीत उभं राहावं लागणार. दबावाखालचा माणूस सगळ्यात कमजोर असेल त्याला ढकलतो. हे समर्थन नाही, पण हे समजून न घेता उपाय निघणार नाही.

आणि ज्या पोरीचे फोटो काढले तिचं काय, हा प्रश्न खराच आहे. काही वेळा एखाद्या पोराला काही दिवस वर्गापासून लांब ठेवावंच लागतं. माझं म्हणणं एवढंच की लांब ठेवणं आणि हाकलणं यात फरक आहे. परत यायची तारीख सांगितलेली असली, घरी करायचं काम दिलेलं असलं, आणि चौथ्या दिवशी कुणीतरी फोन करून "येतोयस ना?" विचारणारं असलं, तर ते लांब ठेवणं. नुसतं "बापाला घेऊन ये" हे हाकलणं. अमेरिकेनं १९९४ नंतर शाळांत कडक 'शून्य सहनशीलता' धोरण राबवून पाहिलं. शस्त्रापासून सुरू झालेली सक्ती किरकोळ खोड्यांपर्यंत पोचली, आणि निलंबनाचा मार काळ्या मुलांवर जास्त पडला. मग बऱ्याच ठिकाणी त्यांनाच पाय मागं घ्यावा लागला. शिक्षा सगळ्यांना सारखी लिहिलेली असते, पडते मात्र ज्याच्या मागं कुणी नाही त्याच्यावर.

आपल्याकडं त्या जागी कोण उभं आहे ते पाहा. पश्चिमेला डिंभ्याच्या पलीकडं आश्रमशाळेत राहणारं आदिवासी पोर. त्याला "घरी जा" म्हणणं म्हणजे वर्ग, अंथरूण आणि दोन वेळचं जेवण एका फटक्यात काढून घेणं. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबातलं पोर. त्याचा बाप शाळेत येऊन काय बोलणार? आणि नववीतली मुलगी. महिनाभर घरी बसली की पाहुण्यांची ये-जा सुरू होते, आणि मग दाखला लागतो तो फक्त वयाच्या पुराव्यासाठी.

म्हणून जून-जुलैत तुमच्या ओळखीच्या कुणाला असं तोंडी सांगण्यात आलं, तर भांडायला जाऊ नका. आधी म्हणा, "सर, हे लेखी द्या." आठवीपर्यंतचं पोर असेल तर बहुधा लेखी मिळणार नाही, आणि विषय तिथंच थांबेल. नाही थांबला तर घोडेगावला किंवा जुन्नरला पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं साधा अर्ज द्या, पोच घ्या. नववी-दहावीचं असेल तर दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. दाखला पालकाच्या अर्जावरच निघतो, आणि त्या अर्जात "पालकाच्या इच्छेनुसार" असं लिहिलेलं असतं. सही झाली की शाळेनं काढलं असं कुठंच राहत नाही, तुम्हीच नेलं असं राहतं.